वाहनाच्या चौकटीचा गंज आणि उत्पादकाचे उत्तरदायित्व

घराखालोखाल वाहन ही मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी असते. छोट्या वाहतूकदाराच्या दृष्टीने तर ते उपजीविकेचे साधनच होय. ही खरेदी बहुधा कर्ज काढून केली जाते आणि वाहन निदान १२ ते १५ वर्षे चालेल, असे त्यामागे गृहीत धरलेले असते. इंजिन, गिअरपेटी किंवा टायर बिघडले तर ते बदलता येतात. मात्र ज्या पोलादी चौकटीवर हे सारे बसवलेले असते आणि जिला वाहनचालकांच्या भाषेत ‘चासी’ म्हणतात, ती आतून गंजली तर वाहनाचे आयुष्यच संपुष्टात येते. हा दोष विक्रीच्या दिवशी दिसत नाही, हमीच्या मुदतीतही सहसा दिसत नाही. तो दिसू लागतो तेव्हा उत्पादक, विक्रेता आणि विमा कंपनी यांपैकी प्रत्येक जण आपली जबाबदारी संपली असल्याचे सांगतो.

वाहनमालकाच्या या हतबलतेकडे वैयक्तिक गाऱ्हाणे म्हणून पाहिले जाते. वस्तुतः दीर्घायुषी वस्तूंतील सावकाश प्रकट होणाऱ्या दोषांची किंमत कोणी मोजावी, हा ग्राहक संरक्षणाच्या अर्थशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. अमेरिकेत या प्रश्नाचा निकाल कसा लागला आणि भारतातील कायद्याची चौकट त्या दृष्टीने कितपत पुरेशी आहे, याचा विचार येथे केला आहे.

गंजाची प्रक्रिया आणि चौकटीची रचना

लोखंड, प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की गंज सुरू होतो. पाण्यात मीठ असेल तर ते अधिक विद्युतवाहक बनते आणि ही विद्युत-रासायनिक क्रिया वेगाने घडते. गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रंगाचा थर फुगून सुटतो, उघडा पडलेला पृष्ठभाग पुन्हा गंजतो आणि ही साखळी चालू राहते.

बहुतेक लहान मोटारींत वेगळी चासी नसते. छत, बाजू आणि तळ मिळून एकसंध कवच तयार होते व तेच भार पेलते. मालमोटारी, बस, पिकअप आणि अनेक जीपवजा वाहने मात्र आजही स्वतंत्र चौकटीवर बांधली जातात. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर, अशी या चौकटीची सर्वसाधारण रचना असते. तुळया पेटीसारख्या बंद असतील तर त्यांच्या आत चिखल, पाणी व मीठ साचते. आतील पृष्ठभागावर संरक्षक लेप पोहोचवणे अवघड असते, आणि तो पोहोचला की नाही हे ग्राहकाला कधीच दिसत नाही. पाण्याचा निचरा होण्यासाठी छिद्रे कोठे ठेवायची, लेप किती जाडीचा द्यायचा, वेल्डिंगनंतर सांधे कसे झाकायचे, हे सर्व निर्णय कारखान्यात होतात. मालकाच्या हाती उरते ते केवळ बाहेरून धुणे आणि अंडरकोटिंग करून घेणे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पृष्ठभागावर येणारा तांबूस थर हा वापराचा सामान्य परिणाम होय. धातू झिजून त्याला आरपार छिद्र पडणे ही मात्र वेगळी अवस्था आहे. अशा वेळी चौकटीची भार पेलण्याची क्षमता घटते. पाटे, ब्रेकच्या नळ्या, इंधनाची टाकी आणि स्टेपनी यांना आधार देणारे भाग निकामी होऊ शकतात. म्हणजेच प्रश्न केवळ आर्थिक हानीचा राहत नाही, तर रस्त्यावरील सर्वांच्या सुरक्षिततेचा होतो.

अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेच्या उत्तर व ईशान्य भागातील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर मीठ टाकले जाते. त्यामुळे तेथे वाहने लवकर गंजतात, हे सर्वज्ञात आहे. तथापि टोयोटा कंपनीच्या टाकोमा या पिकअप वाहनाच्या चौकटी अपेक्षेपेक्षा फारच लवकर गंजत असल्याच्या तक्रारी वाढत गेल्या. २००८ मध्ये कंपनीने १९९५ ते २००० या वर्षांतील टाकोमा वाहनांसाठी विशेष योजना जाहीर केली. गंजाने चौकटीला छिद्र पडण्याविरुद्धची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. ज्या वाहनांची चौकट दुरुस्तीपलीकडे गेली होती, त्यांतील अनेक वाहने कंपनीने बाजारभावाच्या दीडपट किमतीला परत विकत घेतली.

२००९ मध्ये याच कंपनीच्या टुंड्रा या मोठ्या पिकअपची २००० ते २००३ या वर्षांतील सुमारे १ लाख १० हजार वाहने परत मागवावी लागली. मागील क्रॉस मेंबर गंजल्यामुळे त्याला लटकवलेली स्टेपनी रस्त्यावर पडण्याचा आणि ब्रेकच्या नळ्यांना इजा होण्याचा धोका निर्माण झाला होता. या चौकटी स्वतः टोयोटाने बनवलेल्या नव्हत्या. त्यांचा पुरवठा डाना या कंपनीने केला होता. टाकोमाच्या चौकटींसंबंधीचा दावा मिटवण्यासाठी डाना कंपनीने २०११ मध्ये टोयोटाला अडीच कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. सदोष भागाचा खर्च उत्पादक आणि पुरवठादार यांनी आपसात कसा वाटून घ्यावा, याचा निवाडा त्यांच्यातील करार करू शकतो, हे यावरून दिसते. ग्राहकाने पुरवठादाराच्या मागे धावण्याचे कारण नाही.

पुढील पिढीच्या वाहनांबाबतही तक्रारी आल्या तेव्हा मालकांनी न्यायालयात सामूहिक दावा दाखल केला. चौकटींना गंजरोधक संरक्षण पुरेसे नव्हते, असा त्यांचा आरोप होता. कंपनीने दोष मान्य केला नाही, परंतु २०१६ मध्ये तडजोड केली आणि २०१७ मध्ये न्यायालयाने तिला अंतिम मान्यता दिली. २००५ ते २०१० ची टाकोमा, २००७ व २००८ ची टुंड्रा आणि २००५ ते २००८ ची सेकोया अशी सुमारे १५ लाख वाहने या तडजोडीच्या कक्षेत आली. वाहनाच्या पहिल्या विक्रीपासून साधारणपणे १२ वर्षांपर्यंत विनामूल्य तपासणी करावयाची आणि ठरावीक निकषानुसार छिद्र आढळल्यास चौकट बदलून द्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. हा निकष १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या छिद्राचा होता. एक चौकट बदलण्याचा खर्च सुमारे १५ हजार डॉलर धरण्यात आला आणि तडजोडीचे एकूण मूल्य कमाल ३.४ अब्ज डॉलरच्या घरात जाईल, असा अंदाज मांडण्यात आला.

या घटनाक्रमातून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली गोष्ट अशी की, दोषाचे स्वरूप पाहून उत्तरदायित्वाची मुदत ठरवण्यात आली. नेहमीची हमी केव्हाच संपली होती, तरीही १२ व १५ वर्षांच्या मुदती स्वीकारल्या गेल्या. दुसरी गोष्ट म्हणजे ‘किती गंज म्हणजे दोष’ हा वाद मोजता येईल अशा निकषाने मिटवला गेला. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, एकट्या मालकाला जे साधले नसते ते लाखो मालकांच्या एकत्रित दाव्याने साधले.

माहितीची विषमता आणि खर्चाचे गणित

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धान्त मांडला. विक्रेत्याला वस्तूचा दर्जा ठाऊक असतो आणि ग्राहकाला तो ठाऊक नसतो, तेव्हा चांगल्या वस्तूला तिची योग्य किंमत मिळत नाही आणि बाजारात निकृष्ट वस्तूंचे प्रमाण वाढते. या कार्याबद्दल त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. चौकटीचा गंज हे या विषमतेचे ठळक उदाहरण आहे. बंद तुळईच्या आतील लेपाचा दर्जा ग्राहकाला दिसत नसल्याने त्यासाठी तो अधिक किंमत मोजायला तयार होत नाही. परिणामी, जो उत्पादक त्यावर अधिक खर्च करील तोच स्पर्धेत मागे पडण्याची शक्यता असते.

गाइडो कॅलाब्रेसी यांनी १९७० मध्येच अपघातांच्या खर्चाविषयीच्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, हानी कमीत कमी खर्चात टाळणे ज्याला शक्य आहे, त्याच्यावर ती टाळण्याची जबाबदारी टाकावी. हे तत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, १० लाख रुपयांचे वाहन १५ वर्षे चालणे अपेक्षित आहे, पण गंजामुळे ते नवव्या वर्षाअखेर निकामी झाले. सरळ हिशेबाने मालकाचे ४ लाख रुपयांचे नुकसान झाले. अशी वेळ दर १०० पैकी ३ वाहनांवर येत असेल, तर प्रत्येक वाहनामागे सरासरी नुकसान १२ हजार रुपये होते. कारखान्यात प्रति वाहन ५ हजार रुपये अधिक खर्च करून हे टाळता येत असेल, तर तो खर्च करणे समाजाच्या हिताचे ठरते. परंतु उत्पादकाचे उत्तरदायित्व तिसऱ्या वर्षी संपत असेल तर त्याच्या ताळेबंदात हे १२ हजार रुपये कोठेच दिसत नाहीत, दिसतात ते केवळ वाचलेले ५ हजार रुपये. कायद्याने या दोन आकड्यांची गाठ घालून द्यावयाची असते.

या प्रश्नाला विषमतेची आणखी एक बाजू आहे. जुने वाहन पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडे जाते. प्रत्येक विक्रीपूर्वी त्यावर रंगाचा हात फिरवला जातो, गंजलेल्या जागी पट्टी मारून वेल्डिंग केले जाते. शेवटी गंजाचा फटका बसतो तो नवे वाहन घेण्याची ऐपत नसलेल्या खरेदीदाराला.

भारतातील परिस्थिती

भारतात रस्त्यांवर मीठ टाकण्याची प्रथा सर्वसाधारणपणे नाही. तरीही गंजाला पोषक परिस्थिती येथे आहेच. मुंबई, रत्नागिरी, पणजी, कोची, चेन्नई, विशाखापट्टणम, पारादीप यांसारख्या किनारी भागांत हवेतच क्षार असतात. पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता, साचलेले पाणी आणि चिखल यांची भर पडते. मासळी, मीठ किंवा रासायनिक खते वाहून नेणाऱ्या वाहनांची झीज तर अधिकच होते. एक-दोन मालमोटारी बाळगणाऱ्या वाहतूकदारांची संख्या देशात मोठी आहे. कर्जाचे हप्ते फेडून संपतात न संपतात तोच वाहन पासिंगला अडले, तर त्याचे संपूर्ण अर्थकारण कोलमडते. विम्याचाही येथे उपयोग होत नाही, कारण झीज व घसारा यांना वाहनविम्याचे संरक्षण नसते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने अंमलात आला आणि त्याने १९८६ च्या कायद्याची जागा घेतली. व्यापारी हेतूने केलेली खरेदी या कायद्याच्या कक्षेबाहेर असली, तरी स्वयंरोजगाराद्वारे उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ ठरतो. त्यामुळे स्वतः मालमोटार चालवणाऱ्या मालकालाही दाद मागता येते. मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एकत्रित तक्रार करण्याची तरतूदही कलम ३५ मध्ये आहे.

या अधिनियमाने ‘उत्पादन दायित्व’ हे स्वतंत्र प्रकरण प्रथमच समाविष्ट केले. निर्मितीतील किंवा आराखड्यातील दोषामुळे हानी झाल्यास, निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी उत्पादक जबाबदार ठरू शकतो. तथापि ‘हानी’ या शब्दाच्या व्याख्येतून खुद्द त्या उत्पादनाला झालेली हानी आणि निव्वळ आर्थिक नुकसान वगळलेले आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, गंजलेली चौकट मोडून कोणी जखमी झाले तर हे प्रकरण लागू होईल. अपघात होण्यापूर्वीच मालकाने गंज ओळखून वाहन उभे केले, तर मात्र त्याला वस्तूतील ‘दोषा’बद्दलच्या नेहमीच्या तक्रारीचाच मार्ग धरावा लागेल. त्या मार्गावर दोन वर्षांच्या कालमर्यादेचा अडसर आहे. पुरेसे कारण असल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगाला असला, तरी सुप्त दोषाच्या बाबतीत तक्रारीचे कारण नेमके केव्हा उद्भवले, यावर वाद होऊ शकतो.

हमीच्या अटींचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योग कंपनीच्या एका अपिलात अधोरेखित केले. सदोष भाग बदलून देण्याचीच हमी असेल तर संपूर्ण वाहन बदलून मागता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. चौकटीच्या संदर्भात हे तत्त्व लागू करताना अडचण येते, कारण येथे ‘भाग’ बदलणे म्हणजे जवळजवळ सर्व वाहन सुटे करून पुन्हा बांधणे होय.

गोव्यातील एका प्रकरणाचा उल्लेख येथे उद्बोधक ठरेल. २०११ चे नवे वाहन म्हणून विकलेली मोटार प्रत्यक्षात २००९ ची आणि काही शे किलोमीटर चाललेली असल्याचे, तसेच तिचा तळाचा भाग गंजलेला असल्याचे ग्राहकाच्या लक्षात आले. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत ग्राहकाच्या बाजूने निर्णय झाले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्याची जबाबदारी कायम ठेवली, परंतु टाटा मोटर्स या उत्पादक कंपनीला मुक्त केले. उत्पादक व विक्रेता यांचे नाते दोन स्वतंत्र व्यावसायिकांचे होते आणि विक्रेत्याच्या कृतीची उत्पादकाला माहिती असल्याचे दाखवणारा पुरावा समोर आलेला नव्हता, हे त्यामागील कारण होते. दोष कारखान्यात निर्माण झाला की विक्रेत्याच्या आवारात, हे आरंभीच तज्ज्ञ अहवालाने निश्चित करणे किती आवश्यक आहे, हे या प्रकरणावरून समजते. नमुना प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. मात्र त्याचे शुल्क प्रथम तक्रारदारालाच भरावे लागते.

वाहन परत मागवण्याची तरतूद

ग्राहक कायद्यात वैयक्तिक दाद मिळते, तर मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने सार्वजनिक सुरक्षिततेचा मार्ग खुला केला. त्याच्या कलम ११०अ नुसार पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना धोका निर्माण करणारा दोष आढळल्यास केंद्र सरकार वाहने परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. अशा वेळी उत्पादकाने किंमत परत करावी, वाहन बदलून द्यावे किंवा दुरुस्त करून द्यावे, अशी तरतूद आहे. तत्पूर्वी, २०१२ पासून, वाहन उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छा संहिता तेवढी अस्तित्वात होती. वैधानिक नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले असून त्यांत दंडाची रक्कम १ कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकते.

मात्र हे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांसाठी आहेत. शिवाय विक्रीच्या प्रमाणात ठरावीक संख्येने तक्रारी आल्यानंतरच चौकशीची प्रक्रिया सुरू होते. ब्रेक किंवा वायुपिशवी यांतील दोषांना सात वर्षांची मर्यादा पुरेशी वाटू शकते. गंजाच्या बाबतीत ती अपुरी आहे. अमेरिकेत ज्या टुंड्रा वाहनांना परत मागवले गेले, त्यांपैकी सर्वांत नवी वाहनेही तेव्हा सहा वर्षांच्या आसपासची होती. बहुतेक त्याहून जुनी होती. म्हणजेच तोच दोष भारतात त्याच वेगाने प्रकट झाला असता, तर त्यांतील बरीच वाहने नियमांच्या बाहेर राहिली असती.

थोडक्यात, भारतीय वाहनमालकासमोर चार वेगवेगळ्या मुदती आहेत. हमी साधारणतः दोन-तीन वर्षांची किंवा काही बाबतींत त्याहून थोडी अधिक, ग्राहक तक्रारीसाठी दोन वर्षे, परत मागवण्यासाठी सात वर्षे आणि खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची. पहिल्या तीन मुदती संपल्यानंतर आणि चौथी संपण्यापूर्वी जो काळ उरतो, नेमका त्याच काळात चौकटीचा गंज उघडकीस येतो. या काळातील सर्व जोखीम आज मालकाच्या माथी आहे.

मालकाची जबाबदारी आणि धोरणाची दिशा

उत्पादकाचे उत्तरदायित्व वाढवताना मालकाचे कर्तव्य दुर्लक्षून चालणार नाही. मालकाला काहीच जबाबदारी उरली नाही तर देखभालीत हयगय होण्याची शक्यता असते. पावसाळ्यापूर्वी व नंतर तळाचा भाग स्वच्छ धुणे, निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवणे, खाऱ्या पाण्यात वाहन न घालणे, मान्यता नसलेले वेल्डिंग टाळणे आणि प्रत्येक दुरुस्तीची पावती जपणे, एवढी अपेक्षा वाजवी आहे. वादाच्या प्रसंगी हीच कागदपत्रे मालकाच्या बाजूचा मुख्य पुरावा ठरतात.

धोरणात्मक पातळीवर पुढील उपायांचा विचार व्हावयास हवा. चौकटीला गंजामुळे छिद्र पडण्याविरुद्ध स्वतंत्र व दीर्घ मुदतीची किमान हमी बंधनकारक करावी. परत मागवण्याच्या नियमांतील सात वर्षांची मर्यादा संरचनात्मक दोषांपुरती वाढवावी. छिद्राचा आकार, धातूची उरलेली जाडी यांसारखे मोजता येणारे निकष निश्चित करावेत. पुण्याची भारतीय ऑटोमोटिव्ह संशोधन संस्था म्हणजेच एआरएआय, तसेच मानेसर व चेन्नई येथील चाचणी केंद्रे यांच्याकडे त्यासाठी लागणारे तांत्रिक ज्ञान उपलब्ध आहे. वाहनांच्या योग्यता तपासणीत चौकटीच्या गंजाची नोंद एकसमान नमुन्यात झाली आणि ती मॉडेल व उत्पादन वर्षानुसार प्रसिद्ध करण्यात आली, तर अकरलॉफ यांनी दाखवलेली माहितीची दरी बऱ्याच अंशी भरून निघेल. ग्राहक संघटनांनीही किनारी जिल्ह्यांतील समान तक्रारी एकत्र करून सामूहिक तक्रारीच्या तरतुदीचा वापर वाढवला पाहिजे.

या उपायांमुळे वाहनांच्या किमती वाढतील, असा आक्षेप घेतला जाईल. किंमत काही प्रमाणात वाढेलही. तथापि ती वाढ सर्व खरेदीदारांत विभागली जाईल आणि आधीच माहीत असेल. आज तीच किंमत काही थोड्या मालकांना, अचानक आणि अनेकपट मोजावी लागते. २०२१ च्या वाहन भंगार धोरणानुसार वाहन रस्त्यावर राहण्यासाठी त्याची योग्यता सिद्ध करणे मालकावर बंधनकारक होत आहे. वाहनाच्या उत्तरायुष्याबद्दल मालकाला असे उत्तरदायी धरले जात असताना, त्या आयुष्याचा पाया ज्याने घातला त्या उत्पादकाचे उत्तरदायित्व पहिल्या दोन-तीन वर्षांतच संपावे, हे न्यायाला आणि अर्थशास्त्रालाही धरून नाही.